दगडांच्या खुणांमागे

कुलिकलोनच्या तळ्यांवरून पाहुण्यांना खिंडीपार नेणाऱ्या गुलअंदोमला एका सकाळी वाट सोडून वर गेलेली, दगड रचून केलेल्या खुणांची नवी रांग दिसली. कोणी रचली असेल? तिला राहवेना. ती एकटीच खुणांमागे चढत गेली. कड्याआड एक हिरवं तळं होतं आणि काठावर गावातली बीबीसोरो मावशी रोटी खात बसली होती.

"मावशी, गुडघे दुखतात म्हणून लग्नाला आली नाहीस, आणि इथं चढलीस?"

"लग्नं पुष्कळ बघितली. रानबोकड पाणी कुठं पितात, ते बघायचं राहिलं होतं."

"आणि दगड?"

"नाहीतर परत कशी जाऊ? बस आता, बोलू नकोस. ते उतरतायत."

गुलअंदोम श्वास रोखून बसली.