गोदीच्या कपाळावरचे तीन ठिपके

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि आपल्या आईचा चेहरा आठवा. तिच्या कपाळावर, हनुवटीवर काय काय आहे? नीट पाहून ठेवा.

मी एक जुना संगणक आहे. खोडाळ्याच्या बाजारात कमलेशच्या फोटो स्टुडिओत मी आलो, तेव्हा शाळेची मुले मला बघायला दारात गर्दी करत. दाखल्यांचे फोटो, लग्नांचे अल्बम, सगळे माझ्या हातून गेले. आता माझा पंखा घरघरतो आणि अंगावर धूळ बसते.

पण सांगायचे आहे ते गोदीचे. ती तापाने गेली. तिचा एकच फोटो होता, तोही अंधूक. तिच्या नवऱ्याने, सावळाने, तो मोबाईलवरून माझ्यात उतरवून घेतला. दोनच दिवसांनी ओढा ओलांडताना त्याचा मोबाईल पाण्यात गेला.

कमलेशने फोटोवरचे डाग पुसले, अंधार कमी केला. तोवर ती गोदीच होती.

मग सावळा म्हणाला, "कमलेशभाऊ, जन्मात तिला सोन्याची माळ नाय भेटली. फोटोत तरी घाल."

"माळच काय, शालूपण नेसवतो!"

कमलेशने माळ घातली, शालू नेसवला, रंग गोरा केला. कपाळावरचे गोंदण त्याला डागच वाटले. तेही पुसले. सगळे मायेपोटीच केले. पण प्रत्येक बदल तो जुन्या फोटोवरच साठवत गेला, आणि मी मुकाट्याने साठवून घेतला.

दिवसकार्याच्या आदल्या दिवशी सावळा आपल्या नऊ वर्षांच्या लेकीला, सपनाला, घेऊन आला. कमलेशने छापलेला मोठा फोटो तिच्यापुढे ठेवला.

"बाबा, ही कोन?"

"तुझी आय."

"ही नाय माझी आय. तिचे तीन ठिपके कुठं हायेत? मी बोट लावून मोजायची. काका, पयला फोटो द्या."

कमलेशने माझा कानाकोपरा धुंडाळला. पहिला फोटो माझ्याकडे उरलाच नव्हता. मित्रांनो, काही पुसण्याआधी मूळ प्रत बाजूला ठेवत जा. त्या दिवशी मला हे ओरडून सांगता आले नाही.

सपना नखाने ती माळ खरवडू लागली.

"ती राहू दे, बाय," सावळा कसाबसा म्हणाला.

तिने बापाकडे पाहिले. माळ तशीच ठेवली. मग टेबलावरचे निळे पेन उचलले, आणि त्या अनोळखी बाईच्या कपाळावर सावकाश, मोजत, तीन ठिपके काढले.