पूजेला बसलेला चुंबक

मित्रांनो, मी एक जुना चुंबक आहे. फ्रीजच्या दाराला चिकटून आयुष्य काढणाऱ्या आळशी भावंडांत मला धरू नका. मी काम केलेलं आहे. एका कारखान्यात मला निळ्या प्लास्टिकच्या ठोकळ्यात बसवलं, पुढे बारीक नळ्या उभ्या करायला खाचा पाडल्या आणि रत्नागिरीला, मांडवीजवळच्या एका छोट्या प्रयोगशाळेत धाडलं. तिथल्या खाऱ्या हवेने पहिल्याच वर्षी माझे स्क्रू गंजले.

तिथे मृणाली नावाची संशोधक फुरशाच्या विषावर काम करत होती. फुरसं, तो छोटा विषारी साप, तुम्हाला माहीतच आहे, कातळावर, पाचोळ्यात दडून बसतो. चावलेल्या माणसाने दवाखाना गाठेपर्यंत विष थोपवून धरणारी गोळी तिला हवी होती. त्यासाठी विषातल्या एका प्रथिनाला घट्ट पकडणारा रेणू शोधायचा होता. तिच्याकडे एका थेंबात लाखो वेगवेगळे रेणू होते आणि प्रत्येकाला डीएनएची शेपटी जोडलेली होती. आंब्याच्या पेटीवर बागायतदाराचं नाव असतं ना, तशी ही शेपटी. ती वाचली की रेणू कोणता ते कळायचं.

माझं काम सोपं होतं. प्रथिन लोहाच्या सूक्ष्म मण्यांवर बसवलेलं असे. त्यात तो थेंब मिसळला की नळी माझ्यापुढे यायची आणि मी मणी ओढून धरायचो. मग मृणाली ते धुवायची. प्रथिनाला चिकटलेले रेणू राहायचे, बाकीचे बेसिनमध्ये जायचे. "हा चुंबक म्हणजे माझा उजवा हात," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. मला ते फार आवडायचं.

प्रयोगशाळा झाडायला मालनकाकी यायच्या. त्यांचा मुलगा सागर काजूची बोंडं वेचताना फुरसं चावून गेला होता. गावातून रत्नागिरीला आणेपर्यंत उशीर झाला. त्या रोज विचारायच्या, "बाय, गावला काय गो?" मृणाली म्हणायची, "जवळ आलोय, काकी."

खरंच जवळ आलो होतो. धुऊन धुऊन लाखांतले मूठभर रेणू उरले होते. एकदा शेवटचं धुवायचं आणि शेपट्या वाचायच्या. खटपटीने मिळवलेलं प्रथिनही तेवढ्यापुरतंच शिल्लक होतं. तो दिवस खंडेनवमीचा. मृणालीने सकाळी आल्याआल्या प्रथिन आणि रेणू एकत्र केले, मला घ्यायला वळली, तर मी पाटावर. अंगावर हळदकुंकू, डोक्यावर झेंडूचं फूल.

"काकी, हा मला आत्ता लागणार आहे."

"नको बाय. पूजेतला हत्यार दसऱ्यासिवाय हलवायचा नाय. माज्या सागरासाठी गाऱ्हाना घातलाय मी."

मृणालीने कपाटं उघडून पाहिली. दुसरा चुंबक प्रयोगशाळेत नव्हता, आणि काकींचं मन तिला मोडवेना. एका रात्रीने काय बिघडतंय, असं म्हणून तिने नळी फ्रीजमध्ये ठेवली.

पण ते विषातलं प्रथिन. दुसऱ्या प्रथिनांना कुरतडणं हेच त्याचं काम. गोठवलेलं होतं तोवर ते गप्प होतं, पण फ्रीजच्या नुसत्या थंडीत ते रात्रभर स्वतःलाच कुरतडत राहिलं. दसऱ्याला नळी माझ्यापुढे आली तेव्हा मणी मी धरले, पण त्यांच्यावर प्रथिन उरलंच नव्हतं. रेणूंनी पकडायचं तरी कशाला? सगळे वाहून गेले. आम्हाला हवा असलेला रेणूही त्यांतच असावा, आणि तो माझ्या डोळ्यांदेखत बेसिनमध्ये गेला. मला थांबवता आलं नाही. त्याचं दुःख अजून जात नाही.

मार्चमध्ये प्रकल्पाची मुदत संपली. मृणाली हैदराबादला नोकरीला गेली. जाताना काकींना एवढंच म्हणाली, "नशीब नव्हतं, काकी." खरं काय झालं ते तिने सांगितलं नाही. मला तिचा राग येतो, आणि मग वाटतं, मी तरी कोणत्या तोंडाने सांगितलं असतं?

आता मी कपाटात असतो. नोटीसबोर्डाच्या टाचण्या सांडल्या की तेवढ्यापुरती माझी आठवण होते. मालनकाकी मात्र दर खंडेनवमीला मला बाहेर काढतात, पदराने पुसतात, पाटावर बसवतात आणि हात जोडून म्हणतात, "औंदा तरी गावू दे."

मित्रांनो, कातळावर जाताना पायांत बूट घाला. पाचोळ्यात हात घालू नका, आणि काही चावलंच तर घरी न थांबता दवाखाना गाठा. ती गोळी अजून कोणाला सापडलेली नाही.