पंपावरची चिठ्ठी

आमच्या कॅम्पिंग कारमधलं पलंगाखालचं खातं माझ्याकडे. विश्वजितची कंबर वाकायचं म्हटलं की दुखते. टोकियोतल्या फुनाबोरीहून होक्काइदोपर्यंत स्टिअरिंग धरताना मात्र नवऱ्याची कंबर ठणठणीत असते. थंडी पडायच्या आत गादी उभी करायची, फळी उचलायची, पाण्याच्या पंपाची जाळी धुवायची, बॅटरीचे स्क्रू आवळायचे, हे चार वर्षं माझंच काम. जपानी मॅन्युअल वाचून मी ते शिकले आणि प्रत्येक वायरीला मराठीत चिठ्ठी लावली. 'पंप'. 'आतले दिवे'. 'विश्वजितने हात लावू नये'.

रविवारी सकाळी अबोलीला म्हटलं, चल टॉर्च धरायला. अकरा वर्षांची माझी लेक दोन महिने माझ्याशी धड बोलत नव्हती. मराठीत विचारावं, तर जपानीत एका शब्दात उत्तर. वयच आहे, अशी मी स्वतःची समजूत घालत होते. ती टॉर्च घेऊन आली, पण दारातच उभी राहिली.

मी फळी उचलली. माझी एकही चिठ्ठी जागेवर नव्हती. सगळीकडे नव्या, पांढऱ्या, जपानी चिठ्ठ्या. आधी मी चक्क खूश झाले, म्हटलं कोणालातरी काम सुचलं. मग विचार आला, या वाचणार कोण? विश्वजितला कोपऱ्यावरच्या कोम्बिनी दुकानातल्या पाट्यांपलीकडे जपानी वाचता येत नाही. मला आणि अबोलीला मराठी येतं.

अक्षर अबोलीचं होतं. जपानीत 'पोम्पु' लिहिताना दोन बारीक गोल काढावे लागतात, आणि त्यांत डोळे-तोंड काढायची तिची जुनी खोड. या दोन्ही चेहऱ्यांची तोंडं रडवेली होती.

विश्वजित चहा घेऊन आला.

"या चिठ्ठ्या कोणासाठी?" मी विचारलं.

त्याने कप खाली ठेवला. "ओकादा-सानसाठी. ऑफिसमधले. मार्चमध्ये आपली ही गाडी विकत घेतायत." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "प्रणिता, मी सांगणारच होतो. पुणे ऑफिसला मॅनेजरची पोस्ट आहे. सप्टेंबरमध्ये मी हो म्हणून टाकलं."

"एप्रिलपासून पाळणाघरात मी कायम होणार, हे तुला माहीत होतं."

"म्हणूनच सांगवेना."

चार वर्षं अर्धवेळ अरुबाइतो करत, दुसऱ्यांच्या पोरांची नाकं पुसत मी त्या नोकरीची वाट पाहिली होती. कायम होणार हे कळलं, त्या दिवशी यानेच श्रीखंड केलं होतं. सप्टेंबरचा होकार पोटात ठेवून चक्का फेटत होता. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. मला रडू येत नव्हतं, नुसता संताप येत होता, आणि तो नवऱ्यापेक्षा लेकीवर जास्त होता. तिच्याकडून मी ही अपेक्षा धरली नव्हती.

"तूसुद्धा?" मी अबोलीला म्हटलं. "बाबांना सामील होऊन माझ्या चिठ्ठ्या काढल्यास?"

तिने टॉर्च बंद केला. दोन महिन्यांनी ती पहिल्यांदा माझ्याशी सलग मराठीत बोलली.

"सामील काय, आई? तूच ठरवलंस ना पुण्याला जायचं? तुला इथे कंटाळा आलाय म्हणून. बाबा म्हणाले, आईला विचारू नकोस, तिला वाईट वाटेल. मी नाही विचारलं."

मी विश्वजितकडे पाहिलं. तो कंबरेवर हात ठेवून उभा होता.