ज्यानं समुद्र पाह्यला, त्यानं खाली

आमच्या समुद्रपुरात समुद्र नाई. हे आधीच सांगून ठेवते, नाई तं बाहेरचा मानूस येते अन् दात काढते. पन जहाज आहे. बैलगाडीवर बांबू बांधून ताडपत्री लावलेलं. तान्ह्या पोळ्याले पोट्टे लाकडाचे नंदी घेऊन दारोदार फिरते, लोकं त्याहिले बोजारा म्हून खाऊ देते, त्याच दिवशी आमच्या मोहल्ल्यातून समुद्री डाकूंचं जहाज निघते. एका डोळ्यावर काळी पट्टी, काजळाच्या मिश्या, पुठ्ठ्याच्या तलवारी. घरोघरी थांबून मुरमुरे, बिस्किटं, पेरू लुटते अन् शेवटी विहाराच्या ओट्यावर सारं सारखं वाटून घेते. असे डाकू तुमाले कुठी भेटनार नाई.

सगळ्याहिचे कपडे मीच शिवते. नाडी तुटली का भावनाकाकू, मिशी पुसली का भावनाकाकू. डोक्सं उठते माहं.

हे सुरू केलं माह्या सासऱ्यानं, चिंधूमामाजीनं. तरुणपनी थे दोन वर्षं गायब होते. वापस आले तं म्हने, मुंबईच्या गोदीत होतो, जहाजावर माल चढवत होतो, डाकू बी पाह्यले डोळ्यानं. मंग काय, गावात वट वाढली! त्या काळी नंदी असे ज्याच्या घरी बैल त्याच्याच पोट्ट्याजवळ. आमचे पोट्टे दुरून पाहत उभे राहत. मामाजीनं कोनाची तरी जुनी गाडी मांगून आनली अन् म्हने, "नंदी नाई तं नाई. आपन जहाज काढू."

नियम बी त्याहिनंच केला. जहाज निघाच्या आधी सारे आरोळी ठोकते, "ज्यानं समुद्र पाह्यला, त्यानं खाली!" ज्यानं पाह्यला थो पायी चालन, दोर ओढन. ज्यानं नाई पाह्यला, जहाजावर त्याचीच जागा. मामाजी म्हनत, "पाह्यलेल्याले जहाजाचं काय कवतिक?" म्हून सरदार असून बी थे जलमभर खालीच चालले, खांद्यावर दोर घेऊन. पह्यले जहाज गच्च भरे. आता कोनी गोव्याले जाऊन येते, कोनी पुन्या-मुंबईत नोकरीले. वर चार पोट्टे अन् खाली जत्रा.

निघाच्या आधी मामाजी एक गोष्ट सांगत, दरसाल तीच. "समुद्राले भेऊ नका रे. लय इमानदार असते. सकाळी पान्याच्या काठावर चपला काढून ठेवल्या, दिवसभर हमाली केली, संध्याकाळी येऊन पाह्यलं तं चपला तिथीच. कोरड्या ठन्न!"

मामाजी गेल्यावर सरदारकी माह्या सासूकडं आली, सीताबाईकडं. एरवी सालभर दुसऱ्याच्या वावरात निंदन-खुरपन, घरात तोंडातून शब्द नाई. पन त्या दिवशी मामाजीची लाल पगडी घालून वरच्या फळीवर बसते अन् असी वरडते का कुत्रे पळते. म्हातारी त्या एका दिवसाच्या भरवशावर जगते, असं म्हना.

अन् माही पोरगी पौर्णिमा! सावंगीले नर्सिंग शिकली, अलिबागच्या दवाखान्यात लागली. यंदा पोळ्याआधी आली तं म्हने, "आजीले घेऊन जाते मी. समुद्र दाखवते."

उचलली जीभ, लावली टाळ्याले. माहं टाळकं सरकलं. "अवं, समुद्र दाखवशीन तं तिची जागा जाईन ना! अक्कल गहान ठेवली का?"

"आई, सत्तरी झाली तिची. तिनं काय ताडपत्रीच पाहावी?"

सासूले विचारलं, तं म्हातारी चक्क लाजली. "जाऊन येतो माय," म्हने.

पोळ्याच्या आठ दिवस आधी वापस आली. पायात नव्या चपला. मी पह्यले तेच विचारलं, "पाह्यला का, आत्याबाई?"

"नाई वो. पावसाचं पानी भल्लं होतं. घरातच राह्यलो."

खोटं काऊन बोलू, मले बरं वाटलं. पोरीले फोन करून विचाराची हिंमत मात्र झाली नाई. पगडीले नवी जर शिवली अन् चूप बसली.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी पगडी सासूच्या डोक्यावर बसवून पाहून राह्यलती, तं तिनं माहा हात धरला.

"भावना, म्या समुद्र पाह्यला."

"हळू बोला! कोनाले सांगू नका. मी बी सांगत नाई."

"आयक तं. पौर्णिमा म्हने, आजी, चपला हातात घे. म्या म्हनलं, काऊन? तुह्या आज्यानं काठावरच ठेवल्या होत्या. ठेवल्या अन् बसलो. जराक वेळानं पाहतो तं पानी पुढं पुढं, अन् चपला गेल्या वाहून. पोरगी हासली. म्हने, समुद्र रोज दोन डाव पुढं येते, दोन डाव मांग जाते. तिथल्या शेंबड्या पोराले बी ठाऊक असते."

मी हासाले लागली. हासता हासता थांबली.

"दिवसभर चपला कोरड्या म्हने," सासू बोलली.

"मंग मामाजी..."

"नव्हताच गेला. कुठी हमाली केली कोन जाने, नागपुरात नाई तं बल्लारशाले. समुद्र पाह्यलाच नाई त्यानं." तिचे डोळे भरून आले. "अवं, त्याची जागा वर होती ना! एका थापेपायी जलमभर दोर ओढला. पोट्ट्याहिले वर बसवून खालून कसा पाहे, आठोते? मले वाटे, याले कवतिक नाई. होतं माय. लय होतं."

मले मामाजीचा असा राग आला! "एवढा कसा अडेल मानूस," म्हनलं अन् मीच रडाले लागली.

दुपारी जहाज भरलं. सासू पगडी घालून वर बसली. मले वाटलं, निभलं. पोट्ट्याहिनं आरोळी ठोकली, "ज्यानं समुद्र पाह्यला, त्यानं खाली!"

सासू उठली. माह्या खांद्याले धरून हळूहळू खाली उतरली. डोक्याची पगडी काढली अन् वरच्या फळीवर आपल्या जागी ठेवाले मले देली.

"आजी, आता सरदार कोन?" एका डाकूनं विचारलं.

"आज थोच," सासू म्हने.

लोकाहिले वाटलं, म्हातारीनं नवऱ्याची आठवन काढली. टाळ्या वाजवल्या. वाजवू द्या.

मी काई समुद्र पाह्यला नाई. म्हून मी वर चढली अन् पगडी पडू नये म्हून बाजूले बसली. खाली सासूनं दोर खांद्यावर घेतला, मामाजी धरत तिथीच. गाडी हालली. वळनावर धक्का बसला तसं तिनं मांग वळून पगडीकडं पाह्यलं.

"बस आता निवांत," हळूच म्हने. "उतरू नको."