मसुद्याच्या भरवशावर

चोवीस वर्सं बँकेत खुर्ची झिजवली मी. मसुदा म्हंजे नियम नोहे, हे मले नाही तं कोनाले समजावं? पन त्या दिवशी अक्कल गहान पडली होती माही!

रामीबाई तांड्यावरची बुढी. तिचा पोरगा सेवादास ट्रक चालवे, पांढरकवड्याजवळ अपघातात गेला. सून आंधीच वारलेली. लॉकर सेवादासच्या नावानं, अन् वारस म्हनून कोनाचंच नाव लावलेलं नाही. आत बुढीची चांदीची टोपली. नवरीच्या केसांत बांधाचा दागिना तो. नात जमनीचं लग्न माघात ठरलेलं.

"माह्या हातानं बांधीन सायेब, मंग मेली तरी चालते," बुढी म्हने.

कोर्टातून वारसाचा दाखला लागे. श्रावणात ती वकिलाकडं निघालीच होती. त्याच सकाळी म्या रिझर्व्ह बँकेच्या नव्या नियमाचा मसुदा वाचला होता. अशा वारसाले कोर्टात धाडू नका, असं त्यात होतं. खाली लोकांच्या सूचना मागवल्या होत्या. म्यानंही मोठ्या तोऱ्यात येक सूचना पाठवली.

"कोर्ट-बिर्ट सोड माय," म्या म्हनलो. "नियम आला समज."

बुढी माह्या पाया पडली. लाज वाटते आता सांगाले.

दसऱ्याच्या तोंडावर पक्का नियम आला. पन लागू कधी? मार्चअखेर! हेड ऑफिसले फोन केला, तं म्हने, "तोवर जुनंच चालेल." आता कोर्टात जाऊन माघ गाठनं शक्य नोहतं.

लग्नाच्या चार दिवस आंधी बुढी आली. "घंटाभर उघड सायेब. बांधतो, अन् वापस आनून देतो."

"नियमाची तारीख अजून याची हाय माय," म्या म्हनलो. तिच्याकडं पाहाची हिंमत झाली नाही.

जमनीचं लग्न टोपलीबिगर झालं. होळीच्या आठ दिवस आंधी बुढी गेली.

एप्रिलात जमनी आली. येक फॉर्म, दोन सह्या, अर्ध्या घंट्यात काम झालं. टोपली पदरात घेऊन पोरगी माह्यासमोर बसली.

"आजी म्हने, सायबानं आपल्यासाठी लय केलं," ती म्हनली. मंग इचारलं, "कोर्टात गेलो असतो, तं लग्नाच्या आंधी भेटली असती काय?"

"नाही गं बाई," म्या म्हनलो. "वर्षभर लागलं असतं."

पाच महिन्यांत भेटते दाखला. मले पक्कं मालूम होतं.