चारूचे चाळीस टक्के

पोराला पाहुण्यांसमोर उभं करायचं आणि त्याच्याकडून नाव, यत्ता वदवून घ्यायची, ही आपल्या लोकांची जुनी खोड. बुधवारा मोहल्ल्यातल्या महाजनांच्या घरी मात्र या खोडीचं पार शास्त्र झालं होतं. निरंजन महाजन कापडाच्या दुकानात कामाला, त्याची बायको पल्लवी घरी शिकवण्या घ्यायची, आणि त्यांची एकुलती एक लेक चारुलता, वय वर्षं नऊ. चारू ऑटिस्टिक होती. ती चार वर्षांची असताना इंदूरच्या डॉक्टरांनी हा शब्द सांगितला, तो या दोघांनी तिथेच ठेवून दिला आणि घरी येऊन गल्लीत सांगितलं की पोरगी जरा लाजाळू आहे.

लाजाळू पोरगी शोभायची तर तिला चार शब्द बोलता यायला हवेत. लोक परक्या पोराला चारच गोष्टी विचारतात आणि त्याही ठरल्यासारख्या एकाच क्रमाने: नाव काय, कितवीत आहेस, आवडतं काय, मोठेपणी कोण होणार. माणसांना याहून दुसरं काही सुचत नाही, हे पल्लवीने बरोबर हेरलं होतं. मग रोज संध्याकाळी घोकंपट्टी. वर्षभर घासल्यावर चारू नमस्कार करून चारी उत्तरं खडाखडा द्यायला लागली, मराठीत आणि, गाव हिंदी मुलखातलं म्हणून, हिंदीतही. शेजारच्या मंगलाकाकू तर कौतुकाने तिच्या हातावर लाडू ठेवायच्या. पाचवा प्रश्न यायच्या आत पल्लवी तिला आत घेऊन जायची.

असं सगळं झाकपाक चाललं होतं आणि चालत राहिलंही असतं. पण खंडव्याला थेरपीसाठी नेणं झेपेना, म्हणून ते बंद पडलं, आणि चारू नखं रक्त येईपर्यंत कुरतडायला लागली. थेरपीच्या बाईंनीच सांगितलं होतं की अपंगत्वाचं सर्टिफिकेट काढा, त्यावर थेरपीसाठी सरकारी विमा मिळतो, पेन्शनही मिळते, फक्त अपंगत्व चाळीस टक्के तरी भरायला हवं. चाळीसच्या खाली भरलं तर काही नाही. निरंजन वर्षभर 'बघू' म्हणत राहिला. सर्टिफिकेट म्हणजे गावात दवंडी, असं त्याला वाटायचं, आणि खरं सांगायचं तर पल्लवीलाही तसंच वाटायचं. शेवटी एका गुरुवारी नखांना पट्ट्या बांधून दोघं तिला सरकारी दवाखान्यात, टक्के ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डापुढे घेऊन निघाली.

आता ही माणसं कुठे चालली होती? पोरीला काय येत नाही ते दाखवायला. पण सवय कुठली जाते! पल्लवीने तिला इस्त्रीचा फ्रॉक घातला, दोन घट्ट वेण्या घातल्या, आणि रिक्षात बसल्याबरोबर निरंजनने चारी प्रश्न विचारून उजळणी घेतली. चारूने चारी उत्तरं बिनचूक दिली. दोघांनाही बरं वाटलं. आपण काय करून बसलोय हे दवाखान्याच्या दारात पोहोचेपर्यंत दोघांच्याही लक्षात आलं नाही.

रांगेत पाहतात तर पुढे मंगलाकाकू, बहिऱ्या सासूचं सर्टिफिकेट काढायला आलेल्या. पल्लवीने चारूला पाठीशी ओढलं.

"अगं बाई, तू कशी काय इकडे? कोणाची तबियत खराब?" काकूंनी विचारलं.

"काही नाही काकू, असंच. रुटीन चेकअप," पल्लवी म्हणाली. निरंजनने मोबाईल काढून उगाच कानाला लावला.

नंबर लागला. खोलीला दार होतं, पण गर्दी इतकी की ते लागतच नव्हतं. सासूचा कागद घ्यायला थांबलेल्या काकू दारातच उभ्या होत्या. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, दमलेल्या होत्या, तरी चारूकडे बघून हसल्या.

"बेटा, आपका नाम क्या है?"

चारूने हात जोडले. "चारुलता निरंजन महाजन."

"अरे वा. कौन सी क्लास में हो?"

"चौथी."

"क्या अच्छा लगता है?"

"ड्रॉइंग करना."

"बड़ी होकर क्या बनोगी?"

"टीचर."

दारातून काकूंचा कौतुकाचा आवाज आला, "किती गोड बोलते बाई!" डॉक्टरीणबाईंनी इंदूरचे जुने कागद चाळले आणि म्हणाल्या, "देखिए, बोलती तो बहुत अच्छा है. इतने में चालीस परसेंट आना मुश्किल है. बिहेवियर में क्या दिक्कत है, बताइए."

पल्लवीने निरंजनकडे पाहिलं. निरंजन फरशीकडे पाहत होता. पाच वर्षं जे लपवलं ते आता तोंडाने सांगायचं, तेही दारात काकू कान टवकारून उभ्या असताना! तिला वाटलं, उठावं आणि सरळ घरी जावं. पण चारूच्या बोटांवरच्या पट्ट्या समोरच दिसत होत्या.

"मॅडम, ये सब रटाया हुआ है," ती म्हणाली. "हमने ही रटाया है."

डॉक्टरीणबाईंना नीटसं कळलं नाही. मग पल्लवीने खुर्ची वळवली, लेकीसमोर बसली आणि प्रश्न उलटे विचारले.

"चारू, मोठेपणी कोण होणार?"

"चारुलता निरंजन महाजन."

"आवडतं काय तुला?"

"चौथी."

"कितवीत आहेस, बाळा?"

"ड्रॉइंग करायला."

"नाव काय तुझं?"

"टीचर," चारू म्हणाली आणि शाबासकीसाठी आईच्या तोंडाकडे पाहू लागली.

आपणच बसवलेला खेळ आपणच लोकांसमोर मोडून दाखवला, आणि त्यात हसं झालं ते लेकीचं. तिला वर मान करवेना. डॉक्टरीणबाईंनी मात्र पेन खाली ठेवलं आणि थोडा वेळ चारूला नुसतं मोकळं सोडलं.

चारूने खोलीत एक चक्कर मारली. मग छतावरच्या पंख्याखाली जाऊन थांबली, मान वर केली, आणि तिचा सगळा चेहरा उजळला. "भिंगऽऽ," ती ओरडली. "भिंगऽऽ, भिंगऽऽ!" जे जे फिरतं त्याला ती लहानपणापासून हेच म्हणायची. हा शब्द तिला कुणी शिकवला नव्हता. आणि तिसऱ्यांदा म्हणता म्हणता तिचा उजवा हात झटकन वर आला आणि तिच्याच तोंडावर गच्च बसला. हाताखाली आवाज दबला. डोळे पंख्यावरच होते.

डॉक्टरीणबाई पुढे वाकल्या. "ये मुँह पर हाथ... ये कब से करती है?"

कधीपासून ते पल्लवीला पक्कं ठाऊक होतं. चारू सहा वर्षांची असताना नणदेला, शीतलला, बघायला जळगावचे लोक आले होते. बाहेर चहापोहे चालले होते आणि स्वयंपाकघरात चारूला मिक्सरचं फिरतं पातं दिसलं. ती ओरडायला लागली. ही पोरगी अशी आहे हे पाहुण्यांना कळलं तर शीतलचं लग्न मोडेल, या भीतीने पल्लवीने तिला मांडीत दाबून धरलं आणि पाहुणे जाईपर्यंत तिच्या तोंडावर हात ठेवला. शीतलचं लग्न थाटात झालं. मग तो हात सत्यनारायणाला बसला, दिवाळीला बसला, मंगलाकाकू पायरीवर आल्या की बसला. पुढे पल्लवीला हात ठेवायची गरज उरली नाही. पोरगी हुशार होती, तिने तेही काम आपल्याकडे घेतलं.

"ये इस बीमारी में होता है कभी-कभी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बचपन से है क्या?"

हा आजार नाही हो, हा माझा हात आहे, एवढंच सांगायचं होतं. पण चाळीस भरले नाहीत तर? पल्लवीने निरंजनकडे पाहिलं. त्यालाही सगळं ठाऊक होतं, स्वयंपाकघराचं दार त्या दिवशी त्यानेच बाहेरून ओढून घेतलं होतं. त्याने पुन्हा फरशीकडे नजर वळवली.

"हाँ मॅडम," पल्लवी म्हणाली. "बचपन से."

डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं. अजून अर्धा तास त्यांनी काय काय विचारलं, चारूला ठोकळे दिले, हाका मारल्या, आणि शेवटी म्हणाल्या की होऊन जाईल, साठच्या आसपास जाईल. त्या हाताशिवायही चाळीस भरले असते की नाही, हे पल्लवीला कधीच कळणार नव्हतं. विचारायची तिची हिंमतही नव्हती.

बाहेर काकू थांबल्याच होत्या. त्या पुढे आल्या, त्यांनी चारूच्या पाठीवर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "पल्लवी, आम्हाले इतकं परकं समजली का वं? मी काय गावभर सांगत फिरली असती?"

पल्लवीला वाटलं, काकू रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

रिक्षात निरंजन मोकळा श्वास घेऊन म्हणाला, "चला, काम तर झालं. तू बरोबर बोललीस." ती त्याच्याकडे न बघता बसून राहिली. तिला त्याचीही शरम वाटत होती आणि स्वतःची जास्त.

रिक्षा राजघाटाच्या रस्त्याला लागली. कडेला उसाच्या रसाचा चरक फिरत होता, त्याचं मोठं लोखंडी चाक उन्हात चमकत होतं. चारू सीटवरून उठलीच. "भिंगऽऽ!" ती ओरडली, आणि हात तोंडाकडे निघाला. या वेळी पल्लवीने तो मधेच पकडला आणि आपल्या मांडीवर धरून ठेवला.

"म्हण, राजा," ती म्हणाली. "म्हण मोठ्याने. कोणी काही म्हणत नाही."

चारूने हात सोडवून बघितला. सुटेना. तिने एकदा चाकाकडे पाहिलं, एकदा आईकडे. मग ती खाली वाकली आणि आपलं तोंड आईच्या मोकळ्या तळहातावर नेऊन गच्च दाबलं.