चिपच्या घरचा पाहुणा

नणंदेचा आवाज गेला म्हटल्यावर शेजारणी म्हणाल्या, "सुटलीस गं बाई!" सुटते कसली? वन्संच्या आवाजाशिवाय घर नुसतं ओकंबोकं झालं होतं. त्यांची बोलणी खाल्ल्याशिवाय मला जेवण जाईना. घशाच्या ऑपरेशननंतर त्यांच्याकडे फक्त कुजबुज उरली होती आणि कुजबुजीवर शाळेतला वर्ग सांभाळता येत नाही. मुख्याध्यापकांनी सांगूनच टाकलं होतं, सोमवारी एक तास घ्या. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं तर वर्ग तुमचा, नाहीतर ऑफिसात टेबल.

ऑफिसात टेबल! वन्सं दोन दिवस जेवल्या नाहीत.

अ‍ॅम्प्लिफायरची सर्किटं जुळवणं हे माझं रोजचं काम. गळ्यात घालायची डबी मीच करायला घेतली. आवाज मोठा करणारी चिप, स्पीकर, बॅटरी आणि ओठांजवळ माइक. माइकला थेट बॅटरीवरून वीज दिली, तर वन्संनी तोंड उघडताच डबी फटफट करायला लागे. स्पीकर जोरात वाजला की बॅटरीचा दाब घसरायचा आणि तो हेलकावा माइकवाटे परत स्पीकरात शिरायचा. माइकसाठी विजेचा दाब स्थिर ठेवणारा वेगळा रेग्युलेटर बसवला, तर डबी मिटेना. मोठी डबी आणली.

"ढोल बांधतेस का माझ्या गळ्यात?" वन्सं कुजबुजल्या.

मग म्हटलं, बाहेर कशाला शोधायचं? या चिपच्या पोटातच एक इवलासा रेग्युलेटर असतो, तिच्या स्वतःच्या संसारापुरता. त्याची एक पिन बाहेर आलेली असते. तिथून बाहेरच्याला घासभर वीज घेता येते. घासभरच, पण माइक खातो तरी किती? तार त्या पिनला जोडली आणि फटफट एकदम बंद. स्वयंपाकघरात वन्सं कुजबुजल्या, ते मला बाहेरच्या खोलीत खणखणीत ऐकू आलं, "अगं, दूध उतू चाललंय!"

मला रडूच कोसळलं. दूध गेलं उतू.

सोमवारी मी आणि मुख्याध्यापक शेवटच्या बाकावर बसलो. आमचे हे दाराशी उभे राहिले. वन्संनी शिकवायला सुरुवात केली आणि वर्ग चिडीचूप झाला. मी मनातल्या मनात नाचत होते, तोच एका वाक्याच्या मधेच डबी मुकी झाली. नुसते ओठ हलताना दिसत होते. पोरं खुसखुसायला लागली.

मी धावले. डबी उघडली, तर आत लाल दिवा! माइकच्याच पिनला जोडलेला.

"चालू आहे की नाही ते ताईला कळावं म्हणून काल मीच लावला," हे म्हणाले. घड्याळं दुरुस्त करतात ना, हात शिवशिवतात. "एवढासा तर दिवा आहे गं!"

"तो एवढासा दिवा माइकच्या कितीतरी पट खातो! घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं! थोडा वेळ सोसलं चिपनं, मग हात टेकले."

पर्समधल्या कटरने दिव्याची तार कापली, बटण बंद करून पुन्हा लावलं. तोवर मुख्याध्यापक उठून पुढे आले होते. "असू द्या बाई," ते हळूच म्हणाले, "टेबलसुद्धा काही वाईट नाही. चला, आपण—"

"खाली बसा!" डबी कडाडली. भिंतीवरचा नकाशासुद्धा दचकला असेल. "माझा तास अजून संपलेला नाही!"

मुख्याध्यापक मुकाट्याने शेवटच्या बाकावर जाऊन बसले.